न मागितलेली मुदतवाढ

संतोषचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्या फोनवर जालन्याच्या एका माणसाला अर्ज सांगत होतो. त्याच्या हॉटेलचं काम फरशीपाशी अडलं होतं, मुदत संपत आली होती, आणि मी त्याला एकेक वाक्य तयार करून देत होतो. ‘असं लिहा, फरशीचा माल वेळेत आला नाही. तुमची चूक आहे असं कुठंही वाटू देऊ नका. खाली सही करा, तारीख टाका.’ संतोष माझा मामेभाऊ. त्याचं नाव दिसलं, मी फोन कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. जालनेकराचा अर्ज पुरा झाला, त्यानं तोंड भरून आभार मानले, आणि मग मी सावकाश संतोषला फोन लावला. ‘दादा, बाबा गेले,’ तो म्हणाला. ‘झोपेतच. सकाळी आईनं चहाला उठवलं तर...’ मी पुण्यातल्या ऑफिसात खुर्चीवर बसून होतो, आणि खरं सांगतो, रडू यायच्या आधी मला लाज वाटली. परक्या माणसाला मुदत मिळवून द्यायच्या नादात, माझ्याच माणसाच्या मरणाचा फोन मी दोनदा कापला होता. आणि माझ्या माणसाला मात्र तीच मुदत मी मिळवून दिली नव्हती.

भगवानमामा. आईचा एकुलता भाऊ, तिच्याहून धाकटा. हिंगोलीहून वाशीमकडं जाताना कनेरगाव नाक्याला त्यांचा ढाबा होता. पत्र्याचं शेड, बाहेर बाजा टाकलेल्या, आत शेवभाजी, भाकरी आणि डोळ्यांतून पाणी काढणारं लसणाचं तिखट. मामा अंगानं आडवे, आवाज खणखणीत, आणि हसायला लागले की खांद्यावरचा टॉवेल खाली पडायचा. तो टॉवेल उचलायचं काम मामी आयुष्यभर करत आली आणि आयुष्यभर त्यावरून त्यांना बोलत आली.

आमच्याकडं मामानं भाच्याच्या पाया पडायची रीत आहे. भाचा पाच वर्षांचा असो की पन्नासचा. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो, पण आमच्या घरात यात हसण्यासारखं काही नव्हतं, आणि मामांना तर यातली एक मात्राही कमी केलेली चालत नसे. मी शाळेत होतो तेव्हाची गोष्ट. हिंगोलीच्या एसटी स्टँडवर मामा गाडीतून उतरले, पिशवी खाली ठेवली आणि भर गर्दीत माझ्या पायांना हात लावला. माझ्या वर्गातली दोन पोरं समोर ऊस खात उभी होती. मी आईच्या मागं लपलो. म्हटलं, ‘मामा, लोक बघून राहिले.’ तर म्हणाले, ‘बघू द्या की. काहून लाजता, भाचेबुवा? चोरीचे हायेत का तुमी?’

या रीतीची दुसरी बाजू अशी, की बहिणीच्या घरी द्यायचं, तिथून घ्यायचं नाही. मामा आमच्याकडं आले की चहासुद्धा उभ्याउभ्या प्यायचे, आणि कप खाली ठेवायच्या आत पिशवीतून काहीतरी बाहेर निघायचं. तुरीच्या शेंगा, हुरडा, काहीच नसलं तर त्या तिखटाची पुडी. एकदा पावसात भिजत निघाले म्हणून आईनं त्यांच्या हातात जबरदस्तीनं नवी छत्री दिली. दुसऱ्या दिवशी एसटीच्या ड्रायव्हरबरोबर छत्री परत आली, आणि छत्रीच्या घडीत आईसाठी साडी. आई त्या दिवशी खूप चिडली होती. ‘ह्याला काही देताच येत न्हाई मला,’ असं म्हणत तिनं ती साडी नेसली.

आता माझी नोकरी काय ते सांगायला हवं. मी एका हॉटेल कंपनीत आहे. गावोगावी आमच्या नावाची थाळीची हॉटेलं आहेत, पण ती कंपनीची नव्हेत, फ्रँचायझी घेतलेल्या माणसांची. माणूस करार करतो, आम्ही त्याला एक एरिया राखून देतो, आणि त्यानं नऊ महिन्यांत हॉटेल सुरू करायचं. नाही जमलं तर मुदत संपायच्या आत कारण लिहून मुदतवाढ मागायची. कारण त्याच्या हाताबाहेरचं असेल तर ती बहुतेक मिळते. मागितलीच नाही तर एरिया सुटतो, करार संपतो, आणि हॉटेलसाठी बांधलेल्या त्या इमारतीत पुढची काही वर्षं दुसरं हॉटेलही चालवता येत नाही. कुणाचं काम कुठवर आलं यावर लक्ष ठेवायचं, आठवणीची पत्रं पाठवायची, आलेले अर्ज साहेबांपुढं ठेवायचे, हे माझं काम. थोडक्यात, मी तारखांवर बसलेला माणूस.

मामांच्या डोक्यात असलं हॉटेल मीच घातलं. त्यांचं एक दुखणं होतं. ‘बाया उतरत न्हाईत माझ्याकडं,’ म्हणायचे. ‘माणसं उतरतात, खातात. बाया गाडीतच बसून राहतात, काचा लावून. त्यांना बसायला जागा न्हाई, बाथरूम न्हाई. मला लेकीबाळी निवांत बसतील असं काईतरी करायचं हाय.’ मी पुण्याहून दिवाळीला गेलेलो, अंगात नोकरीचा ताठा, म्हटलं मामा, आमच्या कंपनीचं घ्या. नकाशे देतो, सगळं देतो. त्यांनी ढाब्यामागची जागा मोकळी केली आणि करारावर सही करायला पुण्याला आले, पांढरेशुभ्र कपडे घालून. मी त्यांना खालीच गाठलं आणि म्हणालो, ‘मामा, ऑफिसात नातं काढू नका. लोक म्हणतील, घरच्या माणसाला दिलं.’ त्यांनी मान हलवली. वर सगळा वेळ मला ‘साहेब’ म्हणत राहिले. मी एकेक कलम वाचून दाखवलं, नऊ महिन्यांचं, मुदतवाढीचं, दुसरं हॉटेल न चालवण्याचं, आणि ते प्रत्येकाला ‘बराबर’ म्हणत गेले. निघताना लिफ्टपाशी ते सवयीनं वाकले, त्यांचा हात माझ्या पायांकडं निम्म्यापर्यंत आला, मागं माझे साहेब उभे होते... आणि मामांनी तो हात वळवून आपल्या चपलेचा पट्टा नीट केला. मला हायसं वाटलं. आज त्या हायसं वाटण्याचीच मला जास्त लाज वाटते.

काम धडाक्यात चाललं. भिंती उठल्या, स्लॅब पडला, मामा मला फोनवर प्रत्येक खिडकी सांगायचे. बायांच्या बाथरूममध्ये आरसा केवढा लावायचा यावर मामीशी झालेलं भांडण तर त्यांनी मला दोनदा सांगितलं. मग रस्ता रुंद करायचं काम आलं. कंत्राटदारानं हॉटेलच्या बरोबर तोंडाशी खोल नाली खणली आणि माणसं दुसरीकडं पळवली. गाडी सोडा, सायकल आत येईना. स्वयंपाकघराचं मोठं सामान उतरवायला टेम्पो यायचा होता, तो रस्त्यावरूनच माघारी गेला. आठवडे गेले, नाली तशीच.

रस्त्याचं काम हे आमच्या करारात नाव घेऊन दिलेलं कारण आहे. दोन ओळींचा अर्ज पुरला असता. आणि मी काय करत होतो? लातूरकडच्या एकाला विजेच्या कनेक्शनसाठी अर्ज सांगत होतो. परभणीच्या एकाला, त्याचा गवंडी पळाला तर ‘मजुरांची टंचाई’ असं लिहा म्हणून शिकवत होतो. परक्यांना मी आपणहून फोन करायचो, अहो तारीख येतेय, अर्ज टाका. माझं त्यात काही जात नव्हतं. मामांच्या वेळी मात्र मला वाटायचं, उद्या कुणाला नातं कळलं तर? मामाला भाच्यानंच सांगितलं म्हणतील. अर्ज त्यांच्याकडून आला पाहिजे, आपणहून, मग माझी काही हरकत नाही. मी स्वतःला नियमाचा माणूस समजत होतो. नियमाचा कसला, भित्रा होतो. आणि भीतीच्याही खाली आणखी एक गोष्ट होती, ती लिहायला हात जड होतो. जन्मभर जो माणूस मला फक्त देत आला, त्यानं एकदा माझ्याकडं काही मागावं असं मला वाटत होतं. म्हणजे मला दिल्याचं सुख मिळालं असतं.

मुदत संपायच्या आदल्या आठवड्यात मी फोन केला. इकडचं तिकडचं झालं. मग विचारलं, ‘मामा, काम कुठवर?’

‘होऊन राहिलं की,’ ते म्हणाले. ‘नालीची जरा तकलीफ हाय.’

‘वेळ लागणार असला तर कळवा. लेखी कळवावं लागतं.’

‘व्हय, व्हय. तुमी त्याचं टेन्शन घेऊ नका, भाचेबुवा.’ आणि लगेच विषय बदलून त्यांनी विचारलं की तुरीची डाळ पाठवू का. मी पाठवा म्हणालो. डाळ आली, अर्ज आला नाही.

साहेबांनी विचारलं, ‘हा कनेरगाव नाक्याचा कोण आहे? काही कळवलंय का त्यानं?’ मी म्हणालो, नाही. ‘नाली खणलीय म्हणे तिथं’ एवढं माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. पण मग तुला कसं माहीत, असं ते विचारतील, असं मला वाटलं. ‘मग सोडून टाक एरिया,’ साहेब म्हणाले, आणि मी हो म्हणालो. पत्र माझ्या सहीनं गेलं. ते पोचल्यावर मामांचा फोन आला, मी घाबरतच उचलला. तर म्हणतात, ‘पत्र मिळालं बघा, भाचेबुवा. संतोषनं वाचून दाखवलं. नीट लिहिलंय.’ आणि मग, ‘तुमच्यावर काई आलं तर न्हाई ना?’

माझ्यावर काय यायचं होतं... मला कुणी काही म्हणालं नाही, ऑफिसात नाही आणि घरातही नाही. पुढं हिंगोलीला गेलो तेव्हा मीच आईपुढं कुरकुर केली, की मामांनी साधा अर्ज केला असता तर. आई भाकरी थापत होती.

‘तो तुला मागंल व्हय?’ ती म्हणाली. ‘संतोष लिहायला बसला होता. भगवाननं त्याच्या हातातून कागद घेतला. म्हणाला, ज्याच्या पाया पडतो त्याच्यापुढं हात पसरू का मी?’

‘अगं, ते काय माझ्या खिशातलं होतं? कंपनीचं होतं.’

‘कंपनीचं का असंना. तुझ्या हातून मिळणार होतं ना?’

‘मी विचारलं होतं त्यांना. वेळ लागेल का म्हणून.’

‘तसं विचारत्यात? साहेबासारखं?’ आईनं भाकरी तव्यावर टाकली. ‘मागायला लावलंस तू त्याला. न मागता द्यायचं असतं, इलास. येवढंबी कळू न्हाई?’

मला कळायला हवं होतं. छत्रीची गोष्ट मी दहा जणांना हसत हसत सांगितली होती, आणि तरी मला हे कळलं नाही की मामांच्या हिशेबी छत्री आणि मुदतवाढ यांत काही फरक नव्हता. दोन्ही बहिणीच्या घरचंच. जन्मभर ज्या घरचं त्यांनी काही घेतलं नाही, त्या घरच्या पोराकडून ते मुदतीचे दिवससुद्धा घेणार नव्हते. पुण्यात बसून हे मी विसरलो असं म्हणायलाही मला जागा नाही. विसरलो नव्हतो. मामा बाकी सगळ्या बाबतीत तसे वागतील आणि मुदतीपुरते तेवढे करारातल्या कलमाप्रमाणे वागतील, अशी माझी सोयीची समजूत होती.

मामांची मुदत संपली आणि थोड्याच दिवसांत नाली बुजली. त्यांचा एरिया हिंगोलीतल्या एका पेट्रोलपंपवाल्यानं घेतला. त्याचंही काम रखडलं, आणि त्याला मुदतवाढ लागली तेव्हा अर्ज मीच सांगितला, फोनवर. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आईलाही नाही. मामांचं ते बांधलेलं हॉटेल शटर ओढून तसंच राहिलं. मामा पुन्हा पत्र्याखाली शेवभाजी करायला लागले. संतोष म्हणायचा, बाबा, कंपनीचा बोर्ड काढलाय तर आपलंच काहीतरी सुरू करू, कोण बघायला येणार? मामा म्हणायचे, ‘कलम वाचून सही केलीय मी. त्या हाटेलात चूल पेटली तर भाच्याला बोलणी बसतील.’ गाडीतून जाणाऱ्या बाया काचा लावून बसून राहिल्या, पूर्वीसारख्याच.

संतोषच्या लग्नात मी जायला नको म्हणत होतो. आईनं ओढून नेलं. मांडवात तो पेट्रोलपंपवालाही आला होता, सगळ्यांच्या ओळखीचा माणूस, त्याला कोण टाळणार. त्यानं मला बघितलं आणि मोठ्यानं म्हणाला, ‘अरे साहेब, तुम्ही इथं कुठं?’ मी उत्तर देणार तोच मामा गर्दीतून आले, फेटा सावरत. म्हणाले, ‘आमचे भाचे हायेत हे,’ आणि त्याच्यादेखत, सगळ्या सोयऱ्यांच्यादेखत, खाली बसून त्यांनी माझ्या पायांवर डोकं ठेवलं. नुसता हात नाही, डोकं. पंपवाला एकदा माझ्याकडं, एकदा मामांकडं बघत राहिला. त्याला सगळं कळलं असणार. मला वाटलं पाय मागं घ्यावेत, पण तसं करणं म्हणजे त्यांचा अपमान. मी तसाच उभा राहिलो. लहानपणी स्टँडवर मला लाज वाटली होती ती पोरं बघत होती म्हणून. या वेळी कुणी बघत नसतं तरी वाटली असती.

त्यानंतर आमचं बोलणं कमी झालं नाही, आणि हेच मला सोसत नव्हतं. मामा फोन करायचे, डाळ पाठवायचे, माझ्या मुलीच्या परीक्षा विचारायचे. एकदा तरी त्यांनी रागानं बोलावं, काहून रे केलं असं म्हणावं, म्हणजे मी माफी मागीन, असं मला वाटायचं. म्हणजे पुन्हा तेच, मामांनी सुरुवात करावी. मी आपणहून कधी बोललो नाही. दर वेळी ठरवायचो, आणि दर वेळी तिकडून ‘काय म्हनता, भाचेबुवा’ आलं की माझं सगळं बोलणं विरघळून जायचं. आता बोलायचं तर कुणाशी.

मामा गेले त्या दिवशी मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तेरवीला मी आणि आई दोन दिवस आधीच गेलो. खर्चाला म्हणून मी पाकीट नेलं होतं, ते मामीनं हातातसुद्धा घेतलं नाही. ‘भाच्याचं घेत न्हाईत,’ म्हणाली, रागानं नाही, भाजीत मीठ घालावं तितक्या सहज. तेरवीला पहिलं पान भाच्याचं असतं. त्याचं जेवण झाल्याशिवाय पंगत बसत नाही, आणि ज्या ताटात तो जेवतो ते ताट गेलेल्या माणसाच्या नावानं त्याला द्यायचं, म्हणून ते कोरं लागतं. तेरवीच्या दुपारी मला आतल्या खोलीत पाटावर बसवलं. मामीनं ताट माझ्यासमोर ठेवलं, आणि मी बघतच राहिलो. कप्प्यांचं, मोठं, जाड काठाचं. आमच्या सगळ्या हॉटेलांत हेच ताट असतं, ते निवडणाऱ्यांच्या बैठकीला मी स्वतः होतो.

‘कोरं हाय,’ मामी म्हणाली. ‘एकदाबी पान्यात गेलेलं न्हाई. टेम्पो माघारी गेला, पण भांडी त्यांनी डोक्यावरून आनली नाली वलांडून. माळ्यावर हायेत समदी. ह्यातलं एक येगळं काढून ठिवलं होतं त्यांनी. म्हनायचे, हाटेल सुरू झालं की पैलं ताट भाच्याचं.’

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. ती वाढत गेली. वरण, भात, भाजी, आणि कोपऱ्यातल्या कप्प्यात ते लसणाचं तिखट. मी पहिला घास उचलला आणि परत ताटात ठेवला. पाणी प्यायलो, पुन्हा उचलला. बाहेर मांडवात माणसं ताटकळली होती, लांबून आलेली, म्हातारी, लेकरं घेतलेल्या बाया. त्यांच्या बोलण्याचा आवाज आतपर्यंत येत होता आणि मला तो ऐकू येत होता म्हणून माझं जेवण आणखीच लांबत होतं. मान खाली घालून मी भात कालवत राहिलो. ते ताट आता पुण्यात माझ्या स्वयंपाकघरात आहे, बायको रोज घासूनपुसून ठेवते आणि त्यात कुणाला वाढत नाही. पण त्या दिवशी ते माझ्यासमोर भरलेलं होतं आणि ते मला रिकामं करायचं होतं.

दारात संतोष आला. ‘आई, पंगत बसवायची का? लोक कवाचे थांबलेत.’

मामी माझ्या पाटाशेजारी खाली बसली होती, हातात वाढायची पळी घेऊन. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, ताटाकडं बघितलं.

‘थांबव त्यांला,’ ती संतोषला म्हणाली. ‘भाचे जेवून राहिलेत. त्यांचं सावकाश होऊ दे.’

पंगत थांबवा असं मी तिला म्हणालो नव्हतो. मी काहीच मागितलं नव्हतं.